हरलेल्याच्या स्वप्नात

दिवाळीच्या सुट्टीत आमची नात आठ दिवस आमच्याकडे होती. अकरावीत आहे. येताना तिने आपला व्हिडिओ गेम सोबत आणला, आल्या आल्या तो आमच्या टीव्हीला जोडला आणि माझ्या बातम्या बंद झाल्या. पहिल्या दिवशी मी कुरकुरलो. दुसऱ्या दिवशी चकलीची बशी घेऊन तिच्या शेजारी बसलो, कारण त्या खोलीत बसायला दुसरी जागाच नव्हती. तिसऱ्या दिवशी मात्र मला एक प्रश्न पडला आणि तो अजून डोक्यातून गेलेला नाही.

झाले असे. आदल्या संध्याकाळी तिने एका अवाढव्य चिलखतधारी सरदाराला मोठ्या मुश्किलीने लोळवले होते. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ती पुन्हा त्याच भुयारात, त्याच धुडासमोर उभी.

‘‘अगं, हा काल मेला ना?’’

‘‘मेलाच आहे, आजोबा. मी आता त्याच्या स्वप्नात चाललेय.’’

‘‘मेलेल्याला स्वप्न कसलं?’’

‘‘त्याचं काहीतरी राहिलंय म्हणून,’’ ती म्हणाली. ‘‘आणि जायलाच हवं असं नाहीये बरं का. नाही गेलं तरी गेम संपतो.’’

राहिलंय! दहाव्याला नदीच्या घाटावर पिंड मांडून कावळ्याची वाट बघत उभे राहिलेल्या कोणाही मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. कावळा शिवत नाही तेव्हा जमलेले लोक एकमेकांकडे बघतात. कुणीतरी पुढे होऊन म्हणते, ‘धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ.’ तरी शिवत नाही. मग दुसरे कुणीतरी वेगळेच काही कबूल करते. माणूस जिवंत असताना त्याला काय हवे होते, याचा शोध घेण्याची ती आपल्याकडची शेवटची आणि पुष्कळदा पहिलीच वेळ असते. माझ्या नातीच्या खेळातही हेच चालले होते, फक्त कावळ्याच्या जागी तिच्या हाती एक तलवार होती.

या खेळाचे नाव ‘हॉलो नाइट’. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरातल्या ‘टीम चेरी’ नावाच्या चिमुकल्या मंडळीने तो केला. एरी गिब्सन आणि विल्यम पेलन हे त्यातले प्रमुख, आणि संगीत ख्रिस्तोफर लार्किन यांचे. २०१४च्या अखेरीस त्यांनी इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली. मागितले ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, मिळाले ५७ हजारांहून थोडे अधिक. खेळ फेब्रुवारी २०१७ मध्ये आला. दुसरा भाग यायला सप्टेंबर २०२५ उजाडला आणि तो हाती घेण्याआधी पहिला पुरता संपवायचा असा नातीचा पण होता.

गोष्ट आहे हॅलोनेस्ट नावाच्या जमिनीखालच्या एका उद्ध्वस्त राज्याची. पात्रे सगळी किड्यांची. तलवारींनाही तिथे ‘खिळा’ म्हणतात. किड्याच्या हातात खिळाच शोभणार! या राज्यात एक साथ आली, प्रजा वेडीपिशी झाली आणि सगळे ओस पडले. पण ती साथ पाण्यातून किंवा वाऱ्यातून आली नाही, ती स्वप्नातून आली. पतंगांची एक जुनी जमात होती. त्यांची देवता म्हणजे प्रकाश, ‘रेडियन्स’. पुढे नवा राजा आला, पतंग त्याच्या भजनी लागले आणि आपल्या प्रकाशाला विसरून गेले. दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगांनी दिवाच विसरावा! विसरली गेलेली देवता मग लोकांच्या झोपेत शिरली. तिला कोंडायचे तर ज्याला स्वतःचे मन नाही, म्हणून स्वप्नही पडणार नाही, असे पात्र हवे. राजाने ते पोटच्या पोरांतून निवडले आणि उरलेली असंख्य पोरे अंधाऱ्या खाईत टाकून दिली. निवडलेल्या पोराला मन होतेच, बापाविषयी माया होती. तेवढ्या फटीतून साथ पुन्हा बाहेर पडली.

एवढे कळल्यावर स्वप्नातल्या लढायांचे कोडे मला बरेचसे उलगडले. खेळात एका टप्प्यावर पतंगांच्या जमातीतली शेवटची उरलेली म्हातारी तुम्हाला एक ‘स्वप्नखिळा’ देते. त्याने जखम होत नाही. तो ज्याला लावाल त्याच्या मनातले ऐकू येते, आणि काही ठिकाणी त्याच्या स्वप्नाचे दार उघडते. मूळ कथा पुरी करायला हा खिळा लागतोच. पण ज्यांना तुम्ही जागेपणी हरवलेत त्यांच्या स्वप्नात शिरणे ही तुमची खुशी. त्यातून जे सत्त्व मिळते ते म्हातारीकडे जमा करायचे. ते १८०० भरले की खिळ्याची शक्ती वाढते आणि कथेच्या खऱ्या शेवटाकडे जाणारी वाट खुली होते. २४०० भरले की म्हातारी आपल्या जमातीची कबुली देते, आम्ही विसरलो म्हणून हे घडले असे सांगते आणि विरून जाते. म्हणजे ज्यांच्या विसरण्याने राज्य बुडाले त्यांच्यातलीच शेवटची बाई, दुसऱ्यांची विसरलेली स्वप्ने गोळा करायला तुम्हाला पाठवते आहे.

आता त्या चिलखतधारी सरदाराविषयी. चिलखत फुटते तेव्हा आत निघते एक गुबगुबीत, केविलवाणी अळी. अळ्या म्हणजे त्या राज्यातली सर्वांत दुबळी, सर्वांच्या पायाखालची जात. त्यातल्या एकाने आपल्या भावंडांना जपायचे म्हणून कुणा थोर योद्ध्याचे चिलखत चोरले आणि अंगावर चढवले. जागेपणीच्या लढाईत त्याचे नाव आहे ‘खोटा सरदार’. त्याच्या स्वप्नात शिराल तर समोर तोच उभा, अधिक चपळ आणि अधिक संतापलेला. पण तिथे नाव बदललेले असते, ‘हरलेला कैवारी’. जगाने त्याला खोटेपणाचा शिक्का मारला. त्याच्या स्वतःच्या मनात मात्र चोरीची लाज नाही, भावंडांना वाचवू शकलो नाही याची आहे. माणूस तोच, लढाईही तीच, फक्त नाव देणारा बदलला.

हे पाहताना मी बशी खाली ठेवली. त्याचे कारण सांगायचे तर १९९१ साली जावे लागेल. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी होतो. बाजारपेठेत सायकलींच्या सुट्या भागांचे एक दुकान होते. आमच्या बँकेचे त्याला मालतारणावर कॅश क्रेडिट. मी गोदाम तपासायला गेलो. खोकी छतापर्यंत रचलेली, हिशेबाला बरोबर. सहज म्हणून एक खोके फिरवले तर मागच्या बाजूला शेजारच्या पेढीचे नाव. दुसरे फिरवले, तेच. तपासणीपुरता उसना माल आणून रचला होता. मी अहवाल लिहिला, खाते बंद झाले, दुकानाला कुलूप लागले. वरिष्ठांचे शाबासकीचे पत्र माझ्या फायलीत लागले. अहवालात चूक काही नव्हती, आजही तोच लिहीन. पण पुढची दोन वर्षे मी त्याच गावात होतो, रोज त्याच्या घरावरून बँकेत जात होतो. तो अंगणात बसलेला असे, मला पाहून उठून उभा राहत असे. मी कधी आत गेलो नाही. उसने चिलखत त्याने कोणासाठी चढवले होते, हे विचारायचा रकाना आमच्या छापील अर्जात नव्हता. नसेना. संध्याकाळी पाचनंतर मला कोणी अडवले नव्हते.

पुढे मी कादंबऱ्या लिहू लागलो. हा माणूस माझ्या दोन कादंबऱ्यांत आला आहे, नावगाव बदलून. दोन्ही वेळा मी त्याला लबाड केला. माझ्यापाशी त्याच्याविषयी दुसरी माहितीच नव्हती.

असो. बँकेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, या खेळात एक बँकही आहे. मिलीबेल नावाची बाई ती चालवते, गोड बोलून ठेवी घेते आणि पुरेशी रक्कम जमली की पसार होते. नंतर ती शहरातल्या एका स्नानगृहात चैन करताना सापडते. नात हे मला ज्या उत्साहाने दाखवत होती, त्यात थोडा आमच्या पेशाचा उद्धार होताच.

स्वप्ने सगळीच दुःखी आहेत असे नाही. मैलापाण्याच्या गटारांत एक शेणकिडा राहतो. एकेकाळी तो राजाच्या पाच थोर सरदारांपैकी एक होता. जागेपणी तो हसत हसत शेणाचे गोळे फेकत लढतो आणि हरला की दिलदारपणे वाट सोडतो. त्याच्या गुहेची भिंत फोडून आत गेलात तर तो गाढ झोपलेला सापडतो. स्वप्नात तो शुभ्र, तेजस्वी. गटार नाही, शेणाची लाज नाही. राजाचे राज्य आहे, सोबती आहेत, आणि समोर तोलामोलाचा लढवय्या. त्याला स्वप्नात पाच वेळा भेटता येते. मला तो आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त हवालदारांसारखा वाटला. ते भाजी आणायलाही कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघतात.

आणि झोट! हा एक बढाईखोर. जीव वाचवणाऱ्यालाच दटावतो, आणि आखाड्यात उतरला की चापटीसरशी आडवा होतो. पण ब्रेटा नावाची एक लाजाळू मुलगी त्याच्या थापांवर भाळते. तिच्या घराच्या तळघरात ती झोपलेली असताना तिच्या स्वप्नात शिरा. तिथे तोच झोट महाकाय, राखाडी राजपुत्र होऊन उभा असतो आणि तो खरोखरच भारी पडतो. दर खेपेस हरवाल तशी त्याच्या नावामागची विशेषणे वाढत जातात, आपल्याकडच्या वाढदिवसाच्या फलकांसारखी. म्हणजे झोटमध्ये दम नाही, दम ब्रेटाच्या श्रद्धेत आहे. पुढाऱ्यांविषयी एवढे खरे मी अलीकडे अग्रलेखातही वाचलेले नाही. हे दोन्ही सामने मूळ खेळात नव्हते, ऑगस्ट २०१७ मध्ये मागाहून घातले गेले. मला विचाराल तर खेळाचा जीव तिथेच आहे.

हे सगळे निर्मात्यांनी फार मोठ्या तत्त्वचिंतनातून केले असेल असे मानण्याइतका मी भाबडा नाही. मूठभर माणसे, हाती थोडे पैसे. जुनाच शत्रू थोडा वेगवान करून पुन्हा उभा केला की नवीन चित्रे काढायचे काम वाचते. आपल्या नाटक मंडळ्यांनी एकाच पडद्यावर राजवाडाही केला आणि जंगलही. काटकसरीचा मला आदरच आहे. आणि प्रत्येक वेळी हा डाव साधलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. शहरातल्या लोकांचे प्राण ओढून घेणारा एक विद्वान आहे. त्याच्या स्वप्नात तो फक्त अधिक जोरात आदळतो. त्याच्याविषयी जे माहीत होते त्यात मला तरी भर पडली नाही. नुसते ‘आणखी अवघड’ म्हणजे ‘आणखी खोल’ नव्हे, ही चूक आम्ही लेखकही करतो.

‘जायलाच हवं असं नाही’ हा जो भाग आहे, त्याच्यावर मात्र नातीशी माझा वाद झाला. माझे म्हणणे, इतकी चांगली गोष्ट सक्तीची का करू नये? निम्मे लोक अळीला खोटा सरदार समजूनच पुढे जातील. ती म्हणाली, ‘‘सक्ती केली तर तो फक्त पुढचा शत्रू होईल, आजोबा. आत्ता मी मुद्दाम परत आले ना, म्हणून मला तो कळला.’’ तिने आणखी एक गोष्ट दाखवली. एरवी खेळात मेलात तर जवळचे पैसे त्या जागी राहतात, ते परत मिळवायला तिथवर धडपडत जावे लागते. स्वप्नात हरलात तर काहीच जात नाही, फक्त जाग येते. आपल्या हरिश्चंद्राला स्वप्नातला शब्द जागेपणी फेडावा लागला होता. इथे तसा तगादा नाही. जाण्याची सक्ती नाही आणि हरण्याचा दंड नाही, तरी मुले जातात, पुन्हा पुन्हा जातात. मुलांना या खेळांनी क्रूर केले अशी तक्रार मी याच वयाच्या मित्रांबरोबर बाकावर बसून वर्षानुवर्षे केली आहे. या एका खेळापुरती तरी ती मी मागे घेतो. हरवलेल्या शत्रूकडे आपणहून परत जाण्याचा सराव मला माझ्या शाळेत मिळाला नव्हता, नोकरीत तर नाहीच.

भाऊबीजेच्या रात्री मी तिला सायकलवाल्याची हकिकत सांगितली. खेळ थांबवून तिने ऐकली. सध्या तिसरी कादंबरी लिहितोय, तो त्यातही आलाय, हेही सांगितले. कुलूप लागते, तो किल्ल्या बँकेच्या माणसाच्या हाती देतो आणि घरी जातो, इथवर लिहून झाले आहे.

‘‘मग घरी जाऊन काय करतो?’’ तिने विचारले.

ते प्रकरण चार महिने तिथेच थांबले आहे.