चौदाशे शब्द आणि एक खिडकी

परवा हिच्या शब्दांची पेटी पुन्हा उघडली. पेटी म्हणजे कॉम्प्युटरवरची. हिनं तिच्या माणदेशी माहेरचे चौदाशेच्या वर शब्द वह्यांत टिपून ठेवले होते. २००३ साली पुतण्यानं तिच्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला आणि तिनं हौसेनं सगळे शब्द त्यात भरले. पुढे पेठेतलं घर सोडून वारज्याला आलो तेव्हा त्या वह्या रद्दीत गेल्या. माझ्याच हातून. 'आता कॉम्प्युटरवर आहे की सगळं,' असं मी म्हणालो होतो!

ती जाऊन आता नऊ वर्षं होतील. शब्द मात्र एका जुन्या, धापा टाकणाऱ्या कॉम्प्युटरवरच उघडत होते. मुलाकडे मॅक, नातवाकडे लिनक्स. दोघांकडेही पेटी उघडेना.

"आजोबा, काकांनी एमएफसी वापरलंय. ते फक्त विंडोजचं," नातू म्हणाला.

मी मराठीचा बीए. मला समजेल असं सांग म्हटलं. त्याच्याकडून जे शिकलो ते असं. आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. पडद्यावरच्या चौकटी, बटणं, याद्या तयार मिळतात ती क्लास लायब्ररी. म्हणजे सुताराकडून तयार दारं-खिडक्या आणाव्यात तशी. पण एकाच बिल्डरच्या भिंतीत बसतील अशा मापाच्या खिडक्या घेतल्या, तर घर बदलताना त्या उपयोगाच्या नाहीत.

पुतण्याला मी फोनवर जरा बोललोच. तो शांतपणे म्हणाला, "काका, तेव्हा क्यूटी होती, पण विंडोजसाठी तिची मुक्त परवान्याची आवृत्ती २००५ साली आली." खरंच आहे. २००३ सालच्या माणसाला आजच्या शहाणपणानं मार्क देऊ नयेत, हे मास्तरानं तरी विसरू नये.

पण बोरलँड कंपनीची गोष्ट ऐकली आणि जास्त विचारात पडलो. त्यांनी २००१ साली कायलिक्स काढलं, विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालणाऱ्या लायब्ररीसकट. २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर ते पुढे सरकलंच नाही. म्हणजे 'सगळीकडे चालतं' एवढी पाटी पुरेशी नाही. दुकान बंद झालं तर काय, हेही विचारावं. क्यूटीच्या बाबतीत केडीईवाल्यांनी १९९८ मध्येच तसा करार करून ठेवला. कंपनीनं मुक्त आवृत्ती काढणं थांबवलं, तर ती लायब्ररी मोकळ्या परवान्यानं सर्वांना खुली करता येईल. याला म्हणतात व्यवहार!

नातवाची स्वतःचीही एक फजिती आहे. अकरावीत तो टर्बो सी++ वर शिकला. ते १९९० च्या सुमाराचं डॉसवरचं साधन. ६४-बिट विंडोजवर ते सरळ चालतही नाही, म्हणून मुलं डॉसबॉक्समध्ये चालवत. 'व्हॉइड मेन', 'आयोस्ट्रीम डॉट एच', हे सगळं पाठ. सी++ चं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ सालीच ठरलं होतं. पुढे जीसीसीवर बसला तेव्हा पहिल्याच ओळीला चूक निघाली. पोराला वाटलं, आपल्याला काही येतच नाही.

इथं मला माझेच वर्ग आठवले. बोलीत लिहिणाऱ्या पोरांना मी प्रमाणभाषा शिकवली. का? गावाबाहेरही तुमचं लिहिणं वाचता यावं म्हणून. बोली वाईट नव्हे, ही तर बोलीच गोळा करत बसायची. पण एका कंपायलरची बोली हीच भाषा, असं मुलांना सांगणं ही फसवणूक आहे. आधी प्रमाण शिकवा. मग कुठल्याही दोन कंपायलरांवर चालवून दाखवायला सांगा. जीसीसी फुकट मिळतं, त्यामुळे पैशाची सबब चालणार नाही.

आता काही जण म्हणतील, चार खोल्यांच्या घराला एवढा विचार कशाला? पुतण्याचा प्रोग्रामही 'छोटाच' होता की. छोट्या वस्तूंतच माणसं आपलं सगळ्यात मोलाचं ठेवतात, आणि आधी ते सांगत नाहीत.

नातवानं क्यूटीवर नवी पेटी केली. शब्द मात्र साध्या युनिकोड फाइलमध्ये वेगळे ठेवले. उद्या क्यूटीही गेली तरी शब्द राहतील. जुन्या फॉन्टमधून आणताना रफार आणि जोडाक्षरं विस्कटली होती. ती मी रोज पन्नास-पन्नास करून महिनाभर तपासली. प्रत्येक शब्दाला तिचा आवाज होता.

असो. भावकीतल्या सगळ्यांना फाइल पाठवतो आहे. उघडली नाही तर कळवा. आणि तुमच्याकडे आजी-आईच्या वह्या असतील, तर कॉम्प्युटरवर घेतल्यावर रद्दीत घालू नका.