टॅपेटचे माप मशीनशॉपमध्येच ठरते

व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना त्याच्या दांड्याचे टोक आणि त्याला दाबणारा रॉकर किंवा कॅम यांच्यात जी बारीक फट राखली जाते, ती टॅपेटची फट. बहुतेक पेट्रोल इंजिनांत ती ०.१५ ते ०.३५ मिलीमीटरच्या दरम्यान असते, आणि एग्झॉस्टची सहसा इनलेटपेक्षा थोडी जास्त. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. एग्झॉस्ट व्हॉल्व्हची डोकी ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात आणि त्या उष्णतेचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग सीटमधून हेडमध्ये जातो. उरलेली दांड्यातून गाईडकडे जाते. म्हणजे व्हॉल्व्हला थंड व्हायला वेळ मिळतो तो सीटवर घट्ट बसलेला असतानाच. फट उरली नाही तर तो नीट बसत नाही. बसला नाही तर थंड होत नाही, आणि कड जळू लागते.

फट जास्त असली तर इंजिन खटखटते. लिफ्ट थोडी घटते, व्हॉल्व्ह सीटवर आदळतो, पण दोष कानांना कळतो आणि गिऱ्हाईक गाडी घेऊन परत येते. फट कमी असली तर उलट घडते: इंजिन शिवणयंत्रासारखे शांत चालते आणि आतल्या आत व्हॉल्व्ह जळत राहतो. ‘आवाज नको’ ही गिऱ्हाइकाची मागणी आणि ती पुरवण्यासाठी स्क्रू थोडा जास्त आवळून देण्याची गॅरेजची सवय, या दोहोंनी मिळून जितकी हेडे परत उतरवायला लावली असतील तितकी वाईट गॅस्केटनेही लावली नसतील.

कर्जत-खालापूर पट्ट्यात ही सवय जास्त महाग पडते, कारण इथली गाडी सपाटीवर फार वेळ राहत नाही. खोपोली सोडली की बोरघाट सुरू होतो आणि खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर चढायचे असते. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतची टॅक्सी तर काही किलोमीटरांतच त्याहूनही उंच जाते, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सीट भरून. वेग कमी, थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडा आणि रेडिएटरवर वारा नाही, अशा स्थितीत एग्झॉस्ट व्हॉल्व्हवरचा ताण सर्वांत जास्त असतो. या मार्गावर वर्षानुवर्षे धावलेल्या ओम्नीचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन याबाबत निर्दय आहे: एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेले की ताकदीचा तिसरा हिस्सा गेला, आणि गाडी दस्तुरीच्या वळणावर अडते.

सीएनजीने यात भर घातली आहे. पेट्रोलचे थेंब इनलेट व्हॉल्व्हला थोडे थंड करतात आणि जळण्याच्या अवशेषांचा पातळ थर सीटवर राहतो. कोरड्या वायूत हे दोन्ही नाही. पूर्वी शिशाच्या पेट्रोलमुळे सीटवर एक उशी तयार व्हायची. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि मऊ सीटच्या जुन्या हेडांना तो आधार उरला नाही. परिणाम दोन्हीकडे सारखाच: सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत सरकतो, दांड्याचे टोक रॉकरकडे वर येते आणि फट आपोआप कमी होते. वापराने फट वाढते हा समज रॉकर आणि कॅमच्या झिजेपुरता खरा आहे, सीटच्या झिजेबाबत तो उलटा आहे. सीएनजीच्या गाडीत म्हणूनच टॅपेट तपासण्याचे अंतर कंपनीने पेट्रोलसाठी दिलेल्या अंतरापेक्षा कमी ठेवावे.

हेड नव्याने बांधताना हीच क्रिया मशीनवर काही मिनिटांत घडते. सीट कापली, व्हॉल्व्हचा फेस घासला, की प्रत्येक कापाबरोबर टोक वर येते. टोकापाशी मोजलेली फट तेवढ्याच मापाने घटते. व्हॉल्व्ह एकूण ०.४० मिलीमीटर आत बसला, तर ०.२० ची फट संपून व्हॉल्व्ह वर तेवढाच दाबलेला राहतो. स्क्रू असलेल्या इंजिनात हे दिसत नाही, कारण स्क्रू मागे घेतला की फट पुन्हा मिळते. स्क्रू मशीनिंगची चूक झाकतो. मात्र रॉकरचा कोन बदलतो, तो टोकाच्या मधोमध न टेकता कडेला टेकतो आणि दांडा गाईडमध्ये एका बाजूला घासला जातो. म्हणून हेड मशीनशॉपला देण्यापूर्वी प्रत्येक दांड्याची उंची हेडच्या ठरावीक पृष्ठभागापासून मोजून लिहून ठेवावी आणि काम झाल्यावर पुन्हा मोजावी. कामाचा क्रमही ठरलेला आहे: आधी गाईड, मग सीट. सीटचा कटर गाईडमधल्या पायलटवर फिरतो. गाईड सैल असेल तर सीट गोल निघूच शकत नाही. सीटची रुंदी इनलेटला साधारण १.२ ते १.५ आणि एग्झॉस्टला १.५ ते २ मिलीमीटर असते. अरुंद सीट छान सील करते, पण उष्णता वाहून न्यायला कमी पडते. घाटातल्या टॅक्सीसाठी एग्झॉस्टची सीट उगाच बारीक करू नये. टोक फार वर आले तर ते घासून उंची जुळवता येते, पण टोकावरचा कडक थर पातळ असतो. कंपनीच्या मर्यादेपलीकडे घासण्यापेक्षा नवी सीट बसवणे बरे.

बकेट आणि शिम असलेल्या हेडात ही चूक झाकायला जागाच नसते. तिथे हिशेब साधा आहे: जुन्या शिमची जाडी, त्यात मोजलेली फट मिळवायची आणि हवी असलेली फट वजा करायची. जुनी शिम २.७०, मोजलेली फट ०.०८ आणि हवी ०.२०, तर २.५८ ची शिम लागते. शिमा सहसा ०.०५ च्या टप्प्यांत मिळतात, म्हणजे २.६० लावली तर फट ०.१८ आणि २.५५ लावली तर ०.२३. दोन्ही मर्यादेत बसत असतील तर एग्झॉस्टला, आणि सीएनजीत तर नक्कीच, पातळ शिम घ्यावी. काही रचनांत शिम नसते, वेगवेगळ्या जाडीचे बकेटच निवडावे लागते. हायड्रॉलिक टॅपेटला फट ठेवायची नसली तरी दांड्याची उंची विसरता येत नाही: टोक फार वर आले तर टॅपेट तळाला लागतो आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो.

पुशरॉडच्या इंजिनात हेडचे फेसिंग केले की रॉकर खाली येतो आणि फट कमी होते. हेडवरच कॅम असलेल्या इंजिनात फेसिंगने फट बदलत नाही, पण टायमिंग किंचित मागे जाते. हेडबोल्ट पूर्ण टॉर्कवर आवळल्यावरच अंतिम माप घ्यावे. थंड इंजिनाचे माप सांगितले असेल तर इंजिन खरोखर थंड हवे. घाट उतरून आलेली गाडी तासाभरात थंड होत नाही, ती रात्रभर उभी राहू द्यावी. मे महिन्यात कर्जतची हवा चाळिशीकडे असली तरी त्याने माप फारसे बिघडत नाही. ॲल्युमिनियमच्या हेडाच्या अनेक इंजिनांत गरम माप थंड मापापेक्षा मोठे दिलेले असते, कारण हेडच फुगून रॉकरला वर नेते. दोन्ही मापांची गल्लत झाली तर फट चुकलीच.

चार सिलिंडरांवर हात बसलेल्या मेकॅनिककडून तीन सिलिंडरांत एक ठरलेली चूक होते. चार सिलिंडरांत, १-३-४-२ क्रमात, चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह हलत असताना पहिल्याचे टॅपेट लावता येते. तीन सिलिंडरांना असा जोडीदार नसतो. ओम्नीत पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणून त्याचे दोन्ही टॅपेट लावावे, मग क्रँक दोन-तृतीयांश फेरा, म्हणजे २४० अंश, फिरवून तिसऱ्याचे आणि तेवढेच फिरवून दुसऱ्याचे. खात्रीसाठी कॅमची उंच बाजू रॉकरपासून दूर आहे हे डोळ्यांनी पाहावे.

फीलर गेजची पट्टी हलकी अडखळत सरकली पाहिजे. ०.२० हवी असेल तर ०.१८ ची सहज जावी, ०.२२ ची जाऊ नये. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजावे. रॉकरच्या तोंडावर खाच पडली असेल तर चपटी पट्टी खाचेच्या दोन कडांवर टेकते आणि खरी फट दिसते त्याहून मोठी असते. असा रॉकर घासून किंवा बदलूनच माप घ्यावे, नाहीतर गेज बरोबर दाखवते आणि खटखट सुरूच राहते. नवे हेड सुमारे हजार किलोमीटर चालल्यावर सीट थोड्या बसतात; तेव्हा थंड इंजिनावर सर्व व्हॉल्व्हची फट पुन्हा मोजून आधीच्या आकड्यांशेजारी जॉबकार्डावर लिहावी. एखाद्या एग्झॉस्टचा आकडा बाकीच्यांपेक्षा जास्त घटला असेल, तर फक्त स्क्रू फिरवून न सोडता त्या सिलिंडरची लीकडाऊन चाचणी करावी.