लायब्ररी म्हणजे भाड्याची खुर्ची नव्हे

मोर्शीच्या बसस्टँडवर शाळेतला जुना मित्र भेटला की प्रश्न ठरलेला असतो, "काय करून राहिला बे सध्या?" उत्तरही ठरलेलं असतं, "लायब्ररी लावली ना."

मेस लावावी, क्लास लावावा, तशी आमच्याकडे आता लायब्ररी लावतात. महिन्याला सहाशे-सातशे रुपये द्यायचे. बदल्यात प्लायवूडच्या कप्प्यातली खुर्ची, चार्जिंगचा बोर्ड, वायफाय आणि पंखा मिळतो. पुस्तकं ज्याची त्यानं बॅगेत घालून आणायची. एकही पुस्तक नसलेल्या जागेला आपण लायब्ररी म्हणू लागलोय आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मला वाटतं.

अभ्यासिकेला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, पाहुणे आणि धाकट्याची किरकिर चालू असताना तलाठी भरतीचा अभ्यास होत नाही. त्यात संत्र्याचा बहार गळाला किंवा भाव पडला, की घरच्यांची सगळी आशा त्या एका परीक्षेवर येऊन बसते. शांत जागा ही चैन नाही, गरज आहे. पण ही गरज सार्वजनिक वाचनालयानं भागवायला हवी होती. ते मागे हटलं, म्हणून खुर्चीचा धंदा उभा राहिला. ज्याच्याकडे सहाशे रुपये नाहीत, तो आजही घरीच टीव्हीच्या आवाजात वाचतोय.

आणि त्या कप्प्यांमध्ये बसतं कोण? एकाच वयाची, एकाच परीक्षेची मुलं. झाडावरच्या डिंक्या रोगाबद्दल वाचायला आलेला शेतकरी तिथे नसतो. रिटायर्ड गुरुजी नसतात, सातवीतली मुलगी नसते. दुपारी घरातून तासभर सुटलेली बाई तर नसतेच. चहाच्या टपरीवर ती एकटी बसू शकत नाही. देवळात बसली तर चार जणी विचारतात, काय झालं म्हणून. काही विकत न घेता, कुणाला उत्तर न देता बसता येईल असं छप्पर गावात एकच असू शकतं, आणि ते म्हणजे सार्वजनिक वाचनालय. ते संध्याकाळी कुलूपबंद असेल, तर नुकसान फक्त पुस्तकांचं होत नाही.

"सगळं मोबाइलवर आहे ना आता," असं तुम्ही म्हणाल. हा लेखही तुम्ही मोबाइलवरच वाचताय. पण मराठीतली कितीतरी जुनी पुस्तकं, बंद पडलेली मासिकं, तीस वर्षांपूर्वीचे दिवाळी अंक कुठल्याही ॲपवर सापडत नाहीत. ते अशाच वाचनालयांच्या कपाटांत आहेत, वाळवीच्या आधी कुणीतरी उघडेल याची वाट पाहत.

हे मोर्शी तालुक्यात घडावं, याची मला जास्त लाज वाटते. रिद्धपूर आमच्याच तालुक्यातलं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी माणसामाणसाला गाठून, ज्यानं पाहिलं-ऐकलं त्याला विचारून चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केलं ते इथेच. आद्य मराठी कवयित्री मानली जाते ती महदंबा याच रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिली. २०२४ मध्ये तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. फार चांगलं झालं. पण विद्यापीठात प्रवेश मिळवावा लागतो. वाचनालयात फक्त शिरावं लागतं.

मग वाचनालयं अशी का झाली? महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यानुसार गावोगावची बहुतेक वाचनालयं स्थानिक संस्था चालवतात आणि सरकार त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान देतं. २०२२ मध्ये सरकारनं या अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर केली. त्या वाढीनंतर तेव्हा 'ड' वर्गाला वर्षाला ४८ हजार ठरले. म्हणजे महिन्याला चार हजार, आणि त्यात ग्रंथपालाचा पगार, वीजबिल, वर्तमानपत्रं, पुस्तकं सगळं आलं. तामिळनाडू, कर्नाटकात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर घेतात. आपल्या कायद्यात तशी सोयच नाही.

पण सगळं खापर सरकारवर फोडून मोकळं होता येणार नाही. २०१२ मध्ये राज्यभर पडताळणी झाली, तेव्हा फक्त कागदावर चालणारी वाचनालयं उघडी पडली. वर्षानुवर्षं तीच कार्यकारिणी, कपाटाची किल्ली एकाच्याच खिशात आणि नव्या पोराला "काय पायजे?" असा दरडावून प्रश्न, हे सगळं मी लहानपणी स्वतः अनुभवलंय. अशा ठिकाणी दुसऱ्यांदा कोण जाईल?

वेगळं करता येतं. १९१० मध्ये सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बडोद्यात बोलावलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. गावकऱ्यांनी थोडे पैसे जमवायचे, बाकीची भर सरकारनं घालायची. जिथे वाचनालय नव्हतं, तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जायच्या. बायकांची आणि मुलांची वेगळी सोय होती. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानाला जमलं, ते आज नगरपरिषदेला का जमू नये?

माझ्या मागण्या साध्या आहेत. वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवा. अभ्यासाची खोली वेगळी आणि फुकट द्या, म्हणजे बाकीच्यांना वाचायला, बोलायला जागा राहील. बायकांसाठी दुपारची वेळ आणि स्वच्छ संडास द्या. वर्षभरात कोणती पुस्तकं घेतली, याची यादी दारावर लावा. आणि कायद्यात उपकर आणा.

आता आपलं काम. खुर्चीला महिन्याला सहाशे देतो, तर वाचनालयाची वर्गणी भरायला काय हरकत आहे? जा, सभासद व्हा. अभ्यासक्रमात नसलेलं एक पुस्तक मागा. कपाट बंद असेल तर किल्ली मागवा, आणि ती येईपर्यंत तिथेच बसा. पुढच्या वार्षिक सभेला हजर राहून हिशोब विचारा. दहा पोरं रोज जाऊन बसली, तर कुलूप लावणाऱ्यालाही विचार करावा लागेल.