उसण, लचक आणि ओट्याची उंची

देहाच्या किरकोळ दुखण्यांना मराठी भाषेने फार बारकाईने नावे दिली आहेत. पाठीत उसण भरते, कमरेत लचक भरते, पाय मुरगळतो, मान अवघडते, खांदा आखडतो, हाताला रग लागते. माळव्यात वाढलेली आपली मुले या सर्वांना सरसकट ‘मोच आली’ म्हणून मोकळी होतात, हे भाषेचा शिक्षक या नात्याने मला खटकते. पण ते असो. वैद्यकाच्या दृष्टीने यांत मुख्य प्रकार दोनच. सांध्यातील हाडांना परस्परांशी बांधून ठेवणारे बंध ताणले गेले किंवा तुटले, तर ते मुरगळणे. स्नायू, अथवा त्याला हाडाशी जोडणारी कंडरा ताणली गेली, तर ती उसण किंवा लचक. मुरगळणे बहुधा एका क्षणाचे असते. पायरी चुकली की झाले. उसण मात्र पुष्कळदा वर्षानुवर्षे साचलेल्या ताणाची थकबाकी असते, आणि ती ज्या दिवशी वसूल होते त्या दिवशीचे निमित्त अगदी क्षुल्लक असते. कोणी जमिनीवर पडलेली किल्ली उचलायला वाकतो आणि तसाच वाकलेला राहतो.

धार आणि देवास येथे आपले पूर्वज पवारांच्या बरोबर आले. काहींच्या हाती तलवार होती, पुष्कळांच्या हाती लेखणी. दफ्तरात बैठकीवर बसून आयुष्यभर कागद लिहिणाऱ्या त्या पिढ्यांनाही मान आणि पाठ होतीच. पुढे १९७४ साली देवासला नोटा छापण्याचे सरकारी मुद्रणालय आले, आजूबाजूला कारखान्यांची वसाहत वाढली. धार जिल्ह्यात पीथमपूर १९८० च्या दशकात वाहन-उद्योगाचे मोठे केंद्र झाले. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले आज तेथे पाळीवर जातात. सुट्टीत भेटायला येतात, वाकून नमस्कार करतात, आणि अलीकडे माझ्या लक्षात येऊ लागले आहे की पस्तिशीच्या आतबाहेरचे काहीजण सरळ उभे राहताना कमरेवर हात टेकतात. माझ्या वयाला ते शोभते. त्यांच्या वयाला शोभत नाही.

काम आणि काम करणाऱ्याचे शरीर यांचा मेळ घालणाऱ्या शास्त्राला ‘अर्गॉनॉमिक्स’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्द दोन : ‘अर्गॉन’ म्हणजे काम आणि ‘नोमॉस’ म्हणजे नियम. वोइचेख यास्त्शेंबोव्स्की या पोलिश निसर्गशास्त्रज्ञाने १८५७ साली हा शब्द योजला. पुढे १९४९ साली इंग्लंडात या विषयाच्या अभ्यासकांनी संस्था स्थापन केली तेव्हा तो रूढ झाला. विचार मात्र त्याहून जुना आहे. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी कामकऱ्यांच्या रोगांवर १७०० साली ग्रंथ लिहिला. पुढे त्यांनी लेखनिकांच्या व्यथांचाही विचार केला आणि त्यांची कारणे सांगितली ती सततचे बसणे, हाताची अखंड एकाच तऱ्हेची हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण ही. आमच्या कार्यालयातील संगणकाशी बसलेल्या बाबूंना हे वाचून दाखवले, तर ते गेल्याच महिन्यात लिहिलेले आहे असे त्यांना वाटेल.

आपल्याकडे आसन आणि शय्या यांची मापे फार पूर्वी लिहून ठेवलेली आहेत. याच अवंतीच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत एक अध्याय त्यासाठी खर्ची घातला. धारच्या भोजराजाच्या नावे असलेल्या समरांगणसूत्रधारातही शयनासनांचा विचार आहे. पण वराहमिहिराची मापे पाहिली म्हणजे गंमत वाटते. राजाचा पलंग शंभर अंगुळे, युवराजाचा नव्वद, मंत्र्याचा चौऱ्याऐंशी, सेनापतीचा अठ्ठ्याहत्तर आणि पुरोहिताचा बहात्तर. सेनापती सहा फुटी आणि राजा ठेंगणा असला तर काय करावे, हे त्यात नाही. माप देहाचे नसून पदाचे आहे. ही परंपरा अजून मोडलेली नाही. मुख्याध्यापकाला हातांची, पाठीला टॉवेल टाकलेली खुर्ची मिळते. दिवसभर लिहिणाऱ्या लिपिकाच्या वाट्याला वेत फाटलेली येते. आणि सहावीचे चिमुरडे पोर व दहावीचा मिसरूड फुटलेला मुलगा एकाच उंचीच्या बाकावर बसतात. शास्त्राचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. काम माणसाच्या मापाचे करावे. माणसाला कामाच्या मापाचे करू पाहिले तर माणूस मोडतो.

तो कसा मोडतो, हे तराजूच्या हिशेबाने समजते. आपण उभे राहून हात पुढे करून काही उचलतो तेव्हा कण्याचा खालचा मणका हा तराजूचा आस होतो. ओझे त्याच्यापासून साधारण अर्धा मीटर पुढे असते. ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र आसाच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. म्हणजे दहा किलोची बादली हात लांब करून धरली, तर त्या स्नायूंना सुमारे शंभर किलोच्या ओझ्याइतके बळ लावावे लागते. तीच बादली पोटाजवळ, पंचवीस सेंटिमीटरवर आणली की पन्नास किलो. बादली तीच, पाणी तेच. शिवाय कमरेतून वाकले म्हणजे स्वतःच्या धडाचे वजनही पुढच्या पारड्यात पडते, ते वेगळेच. त्यात उचलता उचलता कंबर बाजूला वळवली, तर मणक्यांमधील चकत्यांवर दाब आणि पीळ एकदम येतात. बहुतेक लचका याच हालचालीत भरतात.

आता हा हिशेब मंडीत नेऊन पाहावा. देवासच्या मंडीत सोयाबीनच्या हंगामात हम्मालाच्या पाठीवरून दिवसभर पोती जातात. पूर्वी एकेक पोते क्विंटलभराचे असे. आता धान्याचे पोते सामान्यतः पन्नास किलोंचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी पंचावन्न किलोंची कमाल मर्यादा सुचविली होती, तेव्हा हे त्यात बसले असे म्हणता येईल. परंतु अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेले जे सूत्र प्रसिद्ध केले, त्यात सर्व परिस्थिती अनुकूल असताना, म्हणजे ओझे कमरेच्या उंचीवर, अंगाजवळ आणि नीट धरता येण्याजोगे असताना, दोन्ही हातांनी उचलण्याचे आधारभूत वजन तेवीस किलो धरले आहे. परिस्थिती जितकी प्रतिकूल तितके ते कमी होत जाते. हम्मालाचे पोते त्याच्या दुपटीहून अधिक, आणि परिस्थिती कोणत्याच अर्थाने अनुकूल नव्हे. महाराष्ट्रात मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमालांना संघटित केले व १९६९ साली तेथे माथाडी कायदा झाला. इकडे आपण हम्मालाच्या पाठीकडे बाजारभावातील एक आकडा म्हणून पाहतो, हमाली एवढी, तोलाई एवढी.

कायदा अगदीच मुका होता असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातील चौतिसाव्या कलमाने, इजा होईल इतके जड ओझे कोणालाही उचलायला लावू नये, असे म्हटले होते. चव्वेचाळिसाव्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या नव्या संहितेने घेतली, तिच्यातही बसण्याची सोय आहे. पण जुन्या कायद्याच्या परिशिष्टात कळविण्यास योग्य असे जे एकोणतीस व्यावसायिक रोग होते, त्यांत शिशाची विषबाधा होती, फुप्फुसाचे रोग होते. झिजलेल्या पाठीला त्यात स्थान नव्हते. बोट कापले तर नोंदवहीत तारीख पडते. पाठ दहा वर्षांत थोडीथोडी गेली, तर तारीख कोणती घालणार? कंत्राटी कामगार मग दोन दिवस घरी बसतो, त्या दोन दिवसांचा रोज बुडवतो, आणि तिसऱ्या दिवशी गोळी घेऊन पुन्हा जातो.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे भिंतीवर चित्र लावणे : गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा. चित्र खोटे नाही. मात्र नुसते उचलण्याचे शिक्षण दिल्याने पाठदुखी फारशी टळत नाही, असे निरनिराळ्या देशांतील प्रयोगांची एकत्र छाननी केल्यावर दिसून आले आहे. कमरेला पट्टा बांधल्याने निरोगी माणसाची इजा टळते, यालाही पुरावा मिळालेला नाही. मला यात नवल वाटत नाही. जी वस्तू जमिनीवर ठेवलेली आहे, ती उचलायला कोणीतरी वाकणारच. तासाला साठ वेळा वाकणारा माणूस साठही वेळा चित्राप्रमाणे वाकेल, ही अपेक्षा चित्र लावणारानेच करावी. माझा एक जुना विद्यार्थी पीथमपूरला खोकी भरण्याच्या विभागात आहे. त्यांच्याकडे खोकी जमिनीवर रचीत. एका पर्यवेक्षकाने रिकामे लाकडी तरफे एकावर एक ठेवून त्यांवर खोकी रचायला लावली, म्हणजे उचल कमरेच्या उंचीला आली. खर्च शून्य. “सर, आता संध्याकाळी मुलाला उचलून घेता येते,” असे तो म्हणाला.

धार जिल्ह्यातच बाघ येथे ठशांच्या छपाईचे काम चालते. कारागीर गादी घातलेल्या मेजाशी उभा राहून लाकडी ठसा कापडावर टेकवतो आणि त्याच्या पाठीवर तळहाताच्या टाचेने ठोका मारतो. एका साडीला असे शेकडो ठोके. मेज ठेंगणे असेल तर दिवसभर कंबर वाकलेली राहते, उंच असेल तर ठोका खांद्यातून मारावा लागतो. पुढे तेच कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुवायचे, आणि भिजलेल्या सुती कापडाचे वजन धुणे धुणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. कला पाहणारे रंग पाहतात. मनगट कोणी पाहत नाही.

इतके होऊनही लचक भरलीच, तर पहिले एकदोन दिवस ताज्या मुरगळ्याला तेल लावून चोळू नये आणि शेकूही नये. थंड पाण्याची घडी, हलका पट्टा, पाय उंचावर. पायावर भार देताच येत नसेल तर हाड मोडल्याची शंका घेऊन चित्र काढून घ्यावे. पाठीच्या उसणीला पूर्वी आठवडाभर फळीवर निजवीत. आता डॉक्टर शक्य तितक्या लवकर हिंडाफिरायला सांगतात. मात्र पायांत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

कारखाना आपल्या हातात नसेल, स्वयंपाकघर आहे. उभे राहावे, कोपर काटकोनात वाकवावे. निवडणे, चिरणे अशा हलक्या कामाची पातळी कोपराच्या दहापंधरा सेंटिमीटर खाली असावी. कणीक तिंबणे, पोळ्या लाटणे अशा जोराच्या कामाची त्याहूनही खाली. उलट सुईत दोरा ओवण्यासारखे बारीक काम कोपराच्या थोडे वर. आपल्याकडे ओटा गवंडी बांधतो, आणि तो शेजारच्या घरी बांधला त्याच उंचीचा बांधतो. भरलेला गॅसचा सिलिंडर सुमारे तीस किलोंचा असतो, तो उचलू नये, चाकांच्या बैठकीवर ठेवून सरकवावा. पाण्याचा हंडा जमिनीवर न ठेवता कमरेच्या उंचीच्या कट्ट्यावर ठेवावा. आणि एकाच ओट्याशी दोघी उभ्या राहत असतील, तर उंच सूनबाईंनी भाजी चिरताना विळीऐवजी सुरी घेऊन तिच्या फळीखाली पाट ठेवावा, आणि ठेंगण्या सासूबाईंनी पोळ्या लाटताना तोच पाट पायाखाली घ्यावा.