विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आणि शिक्षकांचे उत्तरदायित्व

दिनांक 22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आपले जीवन संपविले. जळगावच्या आदिवासी तडवी भिल्ल समाजातील ही कन्या अवघी 26 वर्षांची होती. वरिष्ठ विद्यार्थिनी जातीवरून छळतात, हे तिने आईला सांगितले होते आणि विभागातील वरिष्ठांच्या कानावरही घातले होते, असे कुटुंबीयांचे म्हणणे आहे. तीन महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम. आमचा प्रश्न वेगळा आहे: विद्यार्थ्याचे दुःख अध्यापकापर्यंत पोहोचल्यावर पुढे त्याचे काय होते?

दुबई-शारजात राहून आम्ही हा प्रश्न का उपस्थित करतो? आपली मुले येथील भारतीय शाळांतून सीबीएसईची बारावी उत्तीर्ण होतात, नीट वा जेईई देतात आणि अठराव्या वर्षी पुणे, मुंबई, नागपूरच्या वसतिगृहांत दाखल होतात. येथे बहुतेकांना आडनावावरून कोणी हटकलेले नसते. तेथे मात्र 'रँक किती, कॅटेगरी कोणती' हा प्रश्न लवकरच समोर येतो. मुलाने घरी फोन केला, तर आपण म्हणतो, ''अभ्यासाकडे लक्ष दे. बाबासाहेबांनी याहून कितीतरी सोसले!'' हे उत्तर खोटे नाही. पण दुखणे सांगू पाहणाऱ्याचे तोंड ते बंद करते. मग त्या मुलाजवळ उरतो तो शिक्षकच.

आत्महत्येविषयी विचारले तर तो विचार मुलाच्या मनात रुजेल, अशी भीती अनेक शिक्षकांना वाटते. वैद्यकशास्त्राला ही भीती निराधार आढळली आहे. नियमित विद्यार्थी वर्गास येईनासा झाला, मित्रांपासून तुटला, 'मी सर्वांना ओझे झालो आहे' असे बोलू लागला, आपल्या आवडत्या वस्तू वाटू लागला, तर शिक्षकाने त्यास एकान्तात बसवून स्पष्ट शब्दांत विचारावे. होकार आला तर उपदेश करू नये, गुप्ततेचे वचन देऊ नये आणि डॉक्टर वा समुपदेशक येईपर्यंत त्यास एकटे सोडू नये. जातीय अपमानाची तक्रार आली, तर 'जुळवून घे' हे उत्तर आम्ही वैद्य म्हणून घातक मानतो. ती तक्रार हेच धोक्याचे लक्षण समजावे.

चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या विद्यार्थी भीमरावांची आपुलकीने चौकशी करणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी त्यांच्या शाळेचे शिक्षकही नव्हते. पुढे सयाजीराव गायकवाडांकडे शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला तोही त्यांनीच.

अशी आपुलकी एक दिवसाच्या प्रशिक्षणाने येत नाही. युरोपातील 10 देशांच्या 168 शाळांतील 11 हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास 2015 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ शिक्षकांना धोक्याची लक्षणे शिकविली तेथे आत्महत्येच्या प्रयत्नांत लक्षणीय घट दिसली नाही. जेथे मुलांनाच वर्गात मनातील ताणाविषयी चर्चा करू दिली, प्रसंग वठवू दिले, तेथे नव्या प्रयत्नांचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. म्हणजे शिक्षकाने पाहावे हे खरे, परंतु मुलांना बोलताही आले पाहिजे.

भारतात 2022 या एका वर्षात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची नोंद आहे. त्यांत महाराष्ट्र अग्रभागी होता. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 100 वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना पात्र समुपदेशक नेमण्याचा आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण देण्याचा आदेश दिला. आदेश कागदावर राहण्याची आपल्याकडील परंपरा सर्वांस ठाऊक आहेच. म्हणून ज्यांची मुले मायदेशी प्रवेश घेणार आहेत, त्या पालकांनी शुल्काची पावती घेतानाच समुपदेशकाचे नाव आणि बसण्याची वेळ विचारावी, व भारत सरकारच्या 'टेलिमानस' या मोफत सेवेचा 14416 हा क्रमांक मुलाच्या मोबाइलमध्ये नोंदवून द्यावा. तेथे मराठीतूनही बोलता येते.