अणूच्या प्रतिकृती आणि त्यांचे दोष

परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो : "रदरफोर्डच्या अणुप्रतिकृतीतील दोष सांगा." दोन वाक्ये पाठ करावीत, दोन गुण पदरात पाडून घ्यावेत आणि पुढील प्रश्नाकडे वळावे, असा आम्हा विद्यार्थ्यांचा परिपाठ आहे. परंतु त्यामुळे पूर्वीचे शास्त्रज्ञ चुकले आणि नंतरचे तेवढे शहाणे निघाले, असा ग्रह मनात रुजतो. हा ग्रह अन्यायाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डाल्टन यांनी १८०८ मध्ये अणू अविभाज्य मानला. कारण तो विभागतो असा पुरावा त्या काळी नव्हता. १८९७ मध्ये थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि ती समजूत मावळली. धनविद्युतभारित गोलात, गुळाच्या लाडवातील तिळांप्रमाणे, इलेक्ट्रॉन रुतलेले असावेत, अशी कल्पना त्यांनी मांडली. पुढे १९०९ मध्ये मँचेस्टर येथे गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी मार्सडेन यांनी धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण आरपार गेले. हजारोंतून एखादा मात्र उलट फिरला. अशा लाडवाने तो कधीच परतविला नसता! म्हणून रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये अणूच्या मध्यभागी सूक्ष्म व जड केंद्रक कल्पिले. पण मग केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावीत क्षणार्धात आत कोसळावयास हवा. प्रत्यक्षात अणू तर टिकून आहेत! १९१३ मध्ये बोर यांनी ठरावीक कक्षा मानून ही अडचण बाजूस सारली व हायड्रोजनच्या वर्णपटाचा उलगडा केला. परंतु हेलियमपाशी त्यांचेही गणित अडले. त्या अडचणीतूनच १९२५-२६ मधील नव्या पुंजयामिकीची वाट निघाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रदरफोर्ड हे थॉमसन यांचे शिष्य, आणि बोर यांनी रदरफोर्ड यांच्याच हाताखाली काम केलेले. शिष्याने गुरूची उणीव दाखविली, ती अवमान म्हणून नव्हे, तर गुरूचेच कार्य पुढे नेण्यासाठी.

अभ्यासक्रम मोठा व तास थोडे, हे आम्ही जाणतो. तरीही "दोष सांगा" एवढ्यावरच न थांबता, "हा दोष कशावरून कळला?" असेही विचारले जावे. ज्या प्रतिकृतीचा दोष दाखविता येतो, तीच ज्ञानाची पुढची पायरी होते. आमच्या वहीतील चुकांकडेही गुरुजनांनी याच दृष्टीने पाहावे, आणि आम्हीही चुकण्याच्या भीतीने प्रश्न गिळून बसू नये.