मनोऱ्यांची भागीदारी झाली, लहरींचे काय?

प्रतिनिधी, ठाणे

ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात इमारतीच्या गच्चीवर दिसणारा मोबाइलचा मनोरा बहुधा एकाच कंपनीच्या उपयोगाचा नसतो. ग्राहक पळविण्यासाठी एकमेकींवर तुटून पडणाऱ्या कंपन्यांचे अँटेना एकाच मनोऱ्यावर शेजारी-शेजारी नांदत असतात. मात्र आपल्या कंपनीची यंत्रणा बंद पडल्यास खाली उभ्या असलेल्या ग्राहकाला शेजारच्या अँटेनाचा काडीचाही उपयोग होत नाही. स्पर्धकांचे सहकार्य कंपन्यांचा खर्च वाचतो तिथवर येते आणि ग्राहकाची सोय सुरू होते तिथे थांबते, हे यातले खरे दुखणे आहे.

या सहकार्याची पायाभरणी २००७ मध्ये झाली. भारती, व्होडाफोन एस्सार आणि आयडिया या तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मनोऱ्यांसाठी ‘इंडस टॉवर्स’ ही संयुक्त कंपनी स्थापन केली. जागेचे भाडे, वीज आणि जनित्राचा खर्च वाटून घेण्यात सर्वांचाच लाभ होता. एप्रिल २००८ मध्ये दूरसंचार खात्याने मार्गदर्शक सूचना काढून अँटेना, केबल आदी काही यंत्रणांच्या भागीदारीसही मुभा दिली. रेडिओलहरींची, म्हणजेच स्पेक्ट्रमची भागीदारी मात्र निषिद्धच ठेवली.

या मर्यादेचा प्रत्यय थ्रीजीच्या वेळी आला. २०१० च्या लिलावात मुंबई सर्कलचा स्पेक्ट्रम एअरटेल, व्होडाफोन आणि रिलायन्स यांनी प्रत्येकी सुमारे ३,२४७ कोटी रुपये मोजून घेतला. महाराष्ट्र सर्कल टाटा, आयडिया आणि व्होडाफोनकडे गेले. मुंबई सर्कलची व्याख्या मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण टेलिफोन केंद्रांचे क्षेत्र अशी आहे. परिणामी डोंबिवलीतील आयडियाच्या ग्राहकाला आपल्या कंपनीचे थ्रीजी घरी मिळणार नव्हते आणि एअरटेलच्या ग्राहकाला ते पुण्यात अथवा नाशिकमध्ये मिळणार नव्हते.

त्यावर तिन्ही कंपन्यांनी परस्परांचे जाळे वापरण्याचा करार केला. ज्या सर्कलचा स्पेक्ट्रम विकत घेतला नाही तिथे सेवा विकणे हा परवान्याचा भंग आहे, असे सांगून दूरसंचार खात्याने डिसेंबर २०११ मध्ये हे करार थांबविण्याचा आदेश दिला. पुढे सुमारे १,२०० कोटी रुपयांचा दंडही ठोठावला. वाद न्यायालयांत फिरत राहिला आणि एप्रिल २०१४ मध्ये दूरसंचार लवादाने कंपन्यांच्या बाजूने कौल दिला. तोपर्यंत फोरजीचे वारे वाहू लागले होते.

त्यानंतर धोरण हळूहळू सैल झाले. २०१५ मध्ये स्पेक्ट्रमच्या, तर २०१६ मध्ये सक्रिय यंत्रणांच्या भागीदारीचा मार्ग मोकळा झाला. एप्रिल २०२४ मध्ये ‘ट्राय’ने ही मुभा आणखी व्यापक करण्याची शिफारस केली. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने सरकारी निधीतून उभारलेल्या मनोऱ्यांवर बीएसएनएल, एअरटेल आणि रिलायन्स जिओच्या ग्राहकांना एकमेकांचे फोरजी जाळे वापरण्याची सोय सुरू केली. हे मनोरे मुख्यतः दुर्गम भागांतले. दुर्गम गावात कंपनीला स्वतंत्र जाळे परवडत नाही म्हणून तिथे सहकार्य होते. ठाणे-कल्याणसारख्या दाट वस्तीत ग्राहक हीच कमाई असल्याने जो-तो आपले जाळे राखून असतो.

याची दुसरी बाजूही दुर्लक्षिता येणार नाही. २०१० च्या लिलावाच्या वेळी बाजारात कंपन्यांची गर्दी होती. आज तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल एवढेच स्पर्धक उरले आहेत. सर्वांनी सर्व काही वाटून घेतले, तर दर्जासाठी झगडण्याचे कारणच संपेल. शिवाय एका मनोऱ्याची वीज गेली की त्यावरच्या सर्वच कंपन्यांचे ग्राहक एकदम मुके होतील. म्हणून सरसकट भागीदारी हा उपाय नव्हे.

आपत्तीच्या काळातील भागीदारी मात्र सक्तीची हवी. २६ जुलै २००५ च्या महापुरात मोबाइल सेवा कोलमडली, तेव्हा घरच्यांशी संपर्क तुटलेल्या हजारो लोकांनी ती रात्र कशी काढली, हे या पट्ट्याला सांगण्याची गरज नाही. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरमधील पुराच्या वेळी दूरसंचार खात्याने कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाला उपलब्ध असेल ते जाळे वापरू देण्याचा आदेश काढला आणि तो अमलातही आला. याचा अर्थ तंत्रज्ञानाची अडचण नाही आणि अधिकाराचीही नाही.

उल्हास नदी दरवर्षी पावसाळ्यात धोक्याच्या पातळीकडे झेपावते. पाणी चढल्यावर दिल्लीतून आदेश येण्याची वाट पाहण्यापेक्षा, नदीने ठरावीक पातळी ओलांडताच जाळी परस्परांना आपोआप खुली होतील, अशी व्यवस्था मान्सूनपूर्व तयारीतच व्हायला हवी. एका मनोऱ्यावर राहून खर्च वाचविणाऱ्या कंपन्यांकडून, संकटाच्या चार दिवसांसाठी एवढी अपेक्षा करणे गैर म्हणता येणार नाही.